उद्याची वीज किती लागेल?

श्रोतेहो, आपल्या झाडीपट्टीत घरी लग्नकार्य निघाले म्हणजे मांडवाच्या आधी तांदळाचा विचार होतो. घरातली जाणती माणसे बसतात. पाहुणे किती येतील, गावजेवण घालायचे की भाऊबंदांपुरतेच ठेवायचे, उन्हाळ्याचे दिवस म्हणजे माणूस भात कमी खाईल आणि ताक जास्त पिईल, असा सारा हिशेब तोंडी होतो आणि शेवटी एक आकडा ठरतो. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न निघतो. एका वेळी पंगत केवढी बसेल? चारशे माणसे जेवणार असली, तरी शंभर-शंभरांच्या चार पंगती उठल्या तर वाढपी थोडे पुरतात आणि जागाही थोडी पुरते. चारशेही एकदम बसले तर तांदूळ तेवढाच लागतो. पण वाढपी, भांडी, मांडव, सगळेच चौपट लागते.

विजेच्या बाबतीत हेच दोन प्रश्न आहेत. वर्षभरात एकूण वीज किती लागेल, हा तांदळाचा प्रश्न. तो युनिटांत मोजतात. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले म्हणजे एक युनिट. आणि सगळ्यात मोठी पंगत केवढी, म्हणजे एकाच क्षणी जास्तीत जास्त भार किती पडेल, हा दुसरा प्रश्न. तो वॅट, किलोवॅट, मेगावॅट यांत सांगतात. कोळसा किती जाळायचा ते पहिल्या प्रश्नावरून ठरते. तारा किती जाड हव्यात, गावाच्या कडेची डीपी केवढी हवी, वीजकेंद्रात संच किती हवेत, हे दुसऱ्यावरून. युनिट आणि भार यांची गल्लत शिकलेली माणसेही करतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवले.

आता कुणी म्हणेल, वीज तर आपल्या दारातच तयार होते, आपल्याला ही चिंता कशाला? ते खरेच आहे. चंद्रपूरजवळ दुर्गापूरला १९८३ साली महाऔष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच चालू झाला. जुने दोन संच आता मोडीत निघाले असले, तरी आज त्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळसा आसपासच्या खाणींचा आणि पाणी इरई धरणाचे. पण दिव्याखाली अंधार ही म्हण उगीच पडलेली नाही. केंद्रातून निघालेली वीज उंच मनोऱ्यांवरच्या तारांनी सगळ्या राज्याच्या जाळ्यात जाते. सिंदेवाही किंवा धानोरा तालुक्यातल्या एखाद्या घरात मे महिन्याच्या रात्री पंखा नीट फिरतो की नुसता कुथतो, हे त्या २९२० मेगावॅटवर ठरत नाही. ते ठरते गावच्या डीपीवर. ती डीपी बसवताना कुणीतरी, केव्हातरी, या गावाला इतकी वीज पुरे असा अंदाज बांधलेला असतो. अंदाज तोकडा निघाला की डीपी जळते, आणि जळते ती बरोबर उन्हाळ्यात. मग दुसरी येईपर्यंत लहान मुले, म्हातारी माणसे आणि बाळंतिणी उकाड्यात दिवस काढतात.

उन्हाळा आपल्याकडचा साधा नाही, हे आपणांस सांगायला नकोच. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. ब्रह्मपुरीचे नाव त्या दिवसांत देशातल्या अतिउष्ण गावांच्या यादीत छापून येते. विजेची मोठी पंगतही याच दिवसांत बसते आणि धरणातले पाणी तळाला जाते तेही याच दिवसांत. २०१० च्या उन्हाळ्यात इरईचे पाणी इतके आटले की चंद्रपूरच्या केंद्रातले संच बंद ठेवावे लागले.

अंदाज चुकला तर काय होते, याचा धडा आपल्या महाराष्ट्राने दोन्ही बाजूंनी घेतला आहे. राज्याला पुढे विजेची फार टंचाई पडणार, या समजुतीवर १९९३ साली वीज मंडळाने रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला. १९९९ मध्ये त्याचा पहिला टप्पा चालू झाला. करार असा होता की वीज उचलली नाही तरी ठरलेला आकार द्यायचाच. वीज महाग पडली, मंडळाला ती परवडेना, आणि मे २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने त्याच साली या सगळ्या व्यवहारावर कडक शेरे मारले. लग्नाला हजार माणसे येतील म्हणून तांदूळ रांधावा आणि पाचशेच यावीत, तसा हा प्रकार झाला. फरक एवढाच की इथे शिल्लक भाताचे पैसे वर्षानुवर्षे मोजायचे होते.

आणि मग काय झाले? पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. नवी केंद्रे उभारण्याचे काम मागे पडले, मागणी मात्र वाढतच राहिली. २००५ पासून पुढची काही वर्षे आठवा. राज्यात ऐन मागणीच्या वेळी चार-पाच हजार मेगावॅटचा तुटवडा असे आणि खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन चाले. मुलांनी परीक्षेचा अभ्यास कंदिलावर केला. त्याच सुमारास ‘अक्षय प्रकाश’ नावाची योजना निघाली. गावाने एकमताने ठरवायचे की संध्याकाळी मोटरपंप लावायचे नाहीत, गिरणी चालवायची नाही. त्या बदल्यात घरातले दिवे चालू राहतील. पंगत लहान ठेवली तर सगळ्यांना वाढता येते, हे गावांनी स्वतः करून दाखवले. मला त्या योजनेचे मोल तिच्या सरकारी अहवालांपेक्षा जास्त वाटते.

हा सारा अंदाज बांधतो कोण? देशाचा अंदाज दिल्लीचे केंद्रीय विद्युत प्राधिकरण बांधते. दर काही वर्षांनी ते एक मोठी पाहणी प्रसिद्ध करते. तिच्यातल्या आकड्यांची एक मजा ऐकण्यासारखी आहे. २०२१-२२ साली देशाची कमाल मागणी किती असेल? अठराव्या पाहणीने सांगितले, सुमारे २ लाख ८३ हजार मेगावॅट. एकोणिसावी पाहणी २०१७ साली आली. तिने तो आकडा खाली आणून सुमारे २ लाख २६ हजार केला. प्रत्यक्षात ते वर्ष उजाडले तेव्हा मागणी गेली २ लाख ३ हजारांपर्यंत. मधे करोनाची साथ येऊन गेली हे खरे, पण पहिल्या आकड्यातली तफावत तेवढ्याने भरून निघत नाही. बरे, मागणी वाढतच नाही असे समजून स्वस्थ बसावे, तर ३० मे २०२४ रोजी, उष्णतेच्या लाटेत, ती २ लाख ५० हजार मेगावॅटला जाऊन पोहोचली. म्हणजे तीनच वर्षांत ४७ हजारांची उडी. तज्ज्ञांना हसण्यासाठी मी हे सांगत नाही. अंदाज हे पंचांग नव्हे. तो दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासावा लागतो, एवढेच त्यातून घ्यायचे.

चूक बहुधा कुठे होते, ते शिक्षकमंडळींना वर्गात फळ्यावर दाखवता येईल. मागच्या वर्षांत मागणी शेकडा अमुक वाढली, तर पुढेही तशीच वाढेल, ही अंदाजाची सगळ्यांत सोपी रीत. चक्रवाढ व्याजाचे गणितच ते. आज शंभर असेल आणि दरवर्षी शेकडा ७ ने वाढ धरली, तर दहा वर्षांनी होतात १९७, म्हणजे जवळजवळ दुप्पट. शेकडा ५ धरली तर होतात १६३. पहिल्या वर्षी दोहोंतला फरक अवघा दोनाचा, दहाव्या वर्षी तो चौतिसाचा. विद्यार्थ्यांना हे उदाहरण अवश्य घालावे. चक्रवाढ व्याज फक्त सावकाराच्या वहीत असते, असा त्यांचा समज असतो.

दुसरी रीत कष्टाची आहे, पण मला तीच अधिक पटते. घराघरांत जाऊन काय काय आहे ते मोजायचे: दिवे किती, पंखे किती, कोणते उपकरण किती वॅटचे, ते दिवसात किती तास चालते. मग पुढे काय येणार याचा विचार करायचा. केंद्रीय प्राधिकरणही आपल्या पाहणीत ही वापराच्या मोजणीची रीत बऱ्याच अंशी पाळते. आपण ती एका गावाला लावून पाहू. गाव कल्पनेतले आहे, पण आकडे आपल्या ओळखीचे वाटतील.

समजा, शंभर घरांचे गाव आहे. प्रत्येक घरी ९ वॅटचे चार एलईडी दिवे आणि ७५ वॅटचे दोन पंखे. दिव्यांचे झाले ३.६ किलोवॅट, पंख्यांचे १५. साठ घरी ६० वॅटचा टीव्ही, ते ३.६. वीस घरी १५० वॅटचे फ्रिज, ते ३. तीस घरी २०० वॅटचे कूलर, ते ६. बेरीज ३१.२ किलोवॅट. सगळे काही एका वेळी चालत नाही. उन्हाळ्याच्या रात्री नऊ-साडेनऊला त्यातले दोन-तृतीयांश चालले असे धरा, म्हणजे २१ किलोवॅट. २५ केव्हीएची डीपी हे ओझे कसेबसे उचलील.

आता दहा वर्षे पुढे जाऊ. दिवे आणि पंखे तेवढेच धरू. टीव्ही नव्वद घरी, फ्रिज सत्तर घरी, कूलर नव्वद घरी, आणि पाच घरी दीड हजार वॅटची वातानुकूलन यंत्रे. बेरीज होते ६० किलोवॅट. शेकडा ५ च्या हिशेबाने ३१.२ चे ५१ झाले असते. म्हणजे सोप्या रीतीने नऊ कमी सांगितले. पण थांबा. गॅसच्या टाकीचे पैसे जड जाऊन तीस घरांनी दीड हजार वॅटची विजेची शेगडी घेतली, तर? एकट्या शेगड्यांचे ४५ किलोवॅट. बेरीज १०५! एका वस्तूने सगळा अंदाज पालटला. आणि शेगडीचे लक्षण असे की ती सगळ्या घरी संध्याकाळी एकाच वेळी पेटते. ही खरी मोठी पंगत. आपल्याकडे अजून बऱ्याच चुली जंगलातल्या जळाऊ लाकडावर चालतात. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. चुलीवरून गॅसवर, की चुलीवरून सरळ विजेवर, हे त्या घरातली बाई ठरवणार आहे. पुढच्या दहा वर्षांच्या अंदाजातला सगळ्यांत मोठा आकडा तिच्या हातात आहे, आणि विजेची पाहणी करणारे मात्र घरातल्या पुरुषाला विचारून निघून जातात.

उलट्या बाजूचेही एक उदाहरण घ्या. याच गावाने ७५ वॅटचे दोनशे पंखे काढून ३० वॅटचे नव्या तऱ्हेचे लावले, तर ९ किलोवॅटचा भार उतरतो. तेवढ्यात पंचेचाळीस कूलर चालतात. साठ वॅटचा जुना दिवा जाऊन नऊ वॅटचा आला तेव्हा गावोगाव असाच भार उतरला होता. म्हणून नुसती घरे मोजून भागत नाही, घरात काय टांगले आहे ते वर पाहून यावे लागते.

वर पाहायचेच तर छप्परही पाहा. मातीच्या जाड भिंतींचे, वर कवेलूचे घर दुपारी बाहेरच्यापेक्षा थंड असे. आता घरकुल होते ते सिमेंटचे, स्लॅबचे. कुठे टिनाचे पत्रे. साप-विंचवाचे भय कमी झाले, दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरण्याचा त्रास गेला, हे सारे चांगलेच झाले. पण स्लॅब दिवसभराचे ऊन पिते आणि रात्री खाली सोडते. त्या घराला दोन वर्षांत कूलर लागतो. म्हणजे गावात घरकुले किती मंजूर झाली, ही ग्रामपंचायतीतली यादी एका परीने विजेच्या मागणीचीही यादी आहे. मोठ्या इमारतींसाठी केंद्र सरकारने २००७ साली आणि राहत्या घरांसाठी २०१८ साली ऊर्जा वाचवणाऱ्या बांधकामाची संहिता काढली. तिचा वारा अजून आपल्या गवंड्यांना लागलेला दिसत नाही. स्लॅबला पांढरा चुना देणे, पश्चिमेच्या भिंतीवर सावली धरणे, एवढे तरी करायला संहितेची वाट पाहायला नको.

कूलरविषयी एक गोष्ट अंदाज करणारे विसरतात. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. मृगाच्या तोंडाला हवा दमट झाली की नुसते चिकचिक पाणी अंगावर येते, थंडावा नाही. धानाच्या मुलखात, तळ्यांच्या काठी हे दिवस फार जाचक असतात. ज्याची ऐपत आहे तो मग वातानुकूलन यंत्राकडे वळतो, आणि ते सात-आठ कूलरांएवढी वीज ओढते.

दुकाने आणि कचेऱ्यांची तऱ्हा घरांपेक्षा निराळी. त्यांची पंगत दिवसा बसते. बँकेची शाखा, दवाखाना, शीतपेयांचे फ्रिज ठेवणारी दुकाने, झेरॉक्सवाला, तहसील कचेरी, यांचा भार सकाळी दहानंतर चढतो आणि संध्याकाळी उतरतो. छपरावरची सौर वीज यांना नेमकी सोयीची. ऊन आणि काम एकाच वेळी. घराला ती दुपारी मिळते, आणि घर वीज मागते रात्री. लग्नाची लॉने मात्र उन्हाळ्याच्या रात्रीच झगमगतात. एटापल्ली तालुक्यात सुरजागडला लोहखनिजाची खाण चालू आहे, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे. कारखान्याची वीज वेगळी मोजली जाते. पण त्याच्या मागोमाग रस्त्यावर जी हॉटेले, लॉज, गॅरेजे, भाड्याच्या खोल्या येतात, त्यांचा भार गावच्याच तारांवर पडतो. हे आधी ओळखणे दिल्लीला जमणार नाही. ते चामोर्शीच्या माणसालाच दिसते.

एवढे मोजूनही माणसे आश्चर्याचा धक्का देतातच. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवा, असे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. दिवे म्हणजे किती भार, याचा अभियंत्यांनी हिशेब केला: बारा ते चौदा हजार मेगावॅट उतरेल. प्रत्यक्षात सुमारे एकतीस हजार उतरला. लोकांनी दिव्याबरोबर पुष्कळ काही बंद केले होते. पाण्यावरची वीजकेंद्रे भराभर खालीवर करून जाळे सावरले गेले, पण घराघरांतल्या बटणांचा अंदाज किती अवघड, ते त्या रात्री दिसले.

आता शेवटचा मुद्दा, आणि आपल्या जिल्ह्यांसाठी तोच महत्त्वाचा. पुढची मागणी काढताना मागच्या वर्षांच्या नोंदी घेतात. पण नोंद होते ती मिळालेल्या विजेची. लाईन गेलेली असते तेव्हा मीटर फिरत नाही. व्होल्टेज कमी म्हणून कूलर लागत नाही, म्हणून घेतलाच जात नाही. त्याचीही नोंद नाही. मग कागद म्हणतो, या भागात मागणी कमी. म्हणून डीपी लहान. म्हणून व्होल्टेज कमी. म्हणून मागणी कमी. हे रहाटगाडगे असेच फिरत राहते. मोजण्याची व्याख्याच कशी फसवते याचे जुने उदाहरण आहे. १९९७ पर्यंत गावाच्या शिवारात कुठेही, कसल्याही कामासाठी वीज वापरली जात असली, की ते गाव विद्युतीकरण झालेले समजत. एखादा पंप चालू असला की पुरे, वस्तीत दिवा असो वा नसो. २००४ साली व्याख्या बदलली. शाळा, पंचायत, दवाखाना यांना वीज हवी आणि निदान शेकडा दहा घरांत तरी हवी, असे ठरले. उरलेली नव्वद घरे अंधारात असली तरी चालत होते! घरोघर वीज देण्याची ‘सौभाग्य’ योजना आली ती २०१७ मध्ये.

यावर एखादे शेतकरी भाऊ म्हणतील, “आमी कायले मोजावं जी? थे कंपनीवाले मोजतीन ना.” मोजतील, पण ते मिळालेली वीज मोजतील. न मिळालेली आपल्यालाच मोजावी लागेल. गुरुजी आणि बाई, हे काम आपल्या सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमेल. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, तेव्हाच उरकावे. प्रत्येक मुलाने पाच घरे घ्यावीत. दिवे, पंखे, कूलर, फ्रिज, शेगडी यांची संख्या आणि त्यांच्यावर लिहिलेले वॅट टिपावेत. घरातल्या बाईला विचारावे, पुढच्या तीन वर्षांत काय घेण्याचा विचार आहे. घर कवेलूचे की स्लॅबचे, तेही लिहावे. मीटरचा आकडा आठवडाभर रोज एकाच वेळी वाचावा. बेरीज वर्गात करून तो कागद १ मेच्या ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि ग्रामसभेच्या ठरावासह महावितरणच्या उपविभागीय कचेरीत देऊन पोच घ्यावी. आणि मुलांना एक सांगून ठेवावे: ज्या दिवशी लाईन गेली त्या दिवसाचा रकाना कोरा ठेवायचा नाही. तिथे लिहायचे, लाईन नव्हती. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि त्या वेळी घरात काय चालू करायचे होते.